माळ्यावरची चांदी, ओट्यावरची कमळी

तोरणमाळच्या जुन्या घरांत मांजराची जागा माळ्यावर. कुडाच्या शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौलं आणि मधे बांबूच्या कामट्यांचा माळा. वर्षभराची सगळी बेगमी तिथेच. मक्याची कणसं, ज्वारीच्या कणग्या, उडदाचं नि तुरीचं बियाणं, उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहाची फुलं. चुलीचा धूर माळ्यात शिरायचा आणि कीड जरा लांब राहायची, पण उंदराला धुराचं भय नव्हतं. पावसाळ्यात सातपुड्यावर ढग उतरले की आठवडाभर ऊन दिसत नसे. शेतातले उंदीर घरात यायचे, घरातले माळ्यावर चढायचे. अशा दिवसांत मांजर नसलेल्या घरातला दाणा नवा मका येईपर्यंत पुरेल, असं कुणी छातीठोकपणे सांगत नसे.

आम्ही इथे आलो ते बाबांच्या वनखात्यातल्या नोकरीमुळे, १९७० च्या दशकात. जिल्हा तेव्हा धुळे. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत एसटी यायची आणि सात पायरीच्या घाटाला लागली की आतली बोलणी बंद व्हायची. वर पोचलं की हजार मीटरांहून जास्त उंचीवरचा तो गार वारा, यशवंत तलावाचं पाणी, सीताखाईच्या बाजूने वर येणारं धुकं. आम्हा पोरांना सगळं नवलाचं होतं. मायला मात्र पहिल्याच पावसात दिसलं की तांदळाच्या पोत्याला खालून भोक पडलंय.

पलीकडच्या पाड्यावरच्या पावरा समाजातल्या एका आजीने दुसऱ्या दिवशी बांबूच्या टोपलीतून मांजराचं पिल्लू आणून दिलं. मायने तिला गुळाचा खडा दिला. ती आमची चांदी. पांढरीशुभ्र, फक्त शेपटीचं टोक राखाडी. महिन्या-दोन महिन्यांत तिने घर ताब्यात घेतलं. तिची वाट मला आजही पाठ आहे. उंबऱ्यावरून माठाच्या तिवईवर, तिवईवरून खुंटीला टांगलेल्या घोंगडीवर, घोंगडीला नखं रोवत माळ्यावर. बाबा हातातला कंदील वर धरायचे तोवर ती कणगीमागे नाहीशी झालेली असायची. मग रात्रभर वरून खुडबुड ऐकू यायची. मधेच एक धप्प आवाज व्हायचा, आणि त्यानंतर मात्र सगळं शांत. सकाळी माय झाडू घेऊन वर चढायची आणि शेपट्या उचलून आणायची.

तिला आम्ही काय घालायचो? संध्याकाळी अर्धी भाकरी कुस्करून त्यावर ताक किंवा थोडं दूध. बाजाराच्या दिवशी सुकट आणली तर चार डोकी. चांदी भाकरीवर जगते, असं माय सगळ्यांना सांगायची. जगायची ती उंदरांवर. भाकरी ही घराने तिच्याशी राखलेली बोलचाल होती, एवढंच. दुधाचं भांडं शिंक्यात, आणि शिंकं मांजराला गाठता येणार नाही इतकं उंच. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं, असा प्रसंग आमच्याकडे आल्याचं मला आठवत नाही.

चांदीचं वजन कधी कुणी केलं नाही. वजन करण्याच्या गोष्टी वेगळ्या होत्या. डिंक, चारोळी, मोहाची फुलं, आमचूर. पुढे अंगणवाडी आली तेव्हा कापडाच्या झोळीत बसवून लटकत्या काट्यावर मुलं मोजली जाऊ लागली. आमच्या अक्राणी तालुक्यात वजन म्हटलं की आधी तीच मुलं डोळ्यांपुढे येतात, आणि ज्या आकड्याची काळजी करायची तो नेहमी कमी असलेला आकडा. कुपोषणाच्या बातम्या इथून अजूनही जातात. त्यामुळे घरातल्या मांजराचं वजन जास्त झालंय, हे बोलताना आवाज आपोआप खाली येतो. तरी बोलायला हवं. जो जीव आपल्या हातून खातो आणि ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याच्या ताटलीचा हिशेब आपल्याकडेच असतो.

धान्य आणि मांजर यांचं नातं आमच्या माळ्यापेक्षा फार जुनं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेलं मांजर सापडलं. २००४ साली त्या शोधाचा लेख प्रसिद्ध झाला. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्याने उंदीर बोलावले, उंदरांनी मांजर. कुत्र्याला माणसाने जवळ केलं असेल, मांजर मात्र कामावर स्वतःहून रुजू झालं. आपल्याकडचं एक उदाहरण तर थेट वऱ्हाडातलं आहे. १८९६ ला मुंबईत आलेला प्लेग पुढची कित्येक वर्षं गावोगाव फिरत होता. तेव्हा अमरावतीला असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावांतली मांजरं मोजायला घेतली. जिथे मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं आणि १९०८ साली त्यांनी ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. हे वाचलं तेव्हा मला चांदीचा फार अभिमान वाटला. माळ्यावर रात्र जागवणाऱ्या त्या जिवाची नोंद सरकारी डॉक्टरांनी घेतली होती, कुणी कौतुकाने घेतलेली नोंद नव्हती ती, तिच्या कामाची होती.

मग घर बदललं. कूड गेला, विटा आल्या. कौलांच्या जागी स्लॅब, त्यामुळे माळाच उरला नाही. कणगीच्या जागी पत्र्याची कोठी, झाकण घट्ट बसणारी. रेशनचं धान्य महिन्याच्या महिन्याला येतं, त्यामुळे वर्षाची साठवण करण्याची गरजही कमी झाली. तलावाकाठी पर्यटक वाढले, त्यांच्यासाठी निवासाच्या सोयी झाल्या, चहा-भज्यांच्या टपऱ्या लागल्या. शिक्षिकेची नोकरी संपवून मी याच गावात राहिले, आणि बारा वर्षांपूर्वी एका टपरीमागे सापडलेलं तपकिरी पट्ट्यांचं पिल्लू घरी आणलं. इथल्या कमळ तलावावरून नाव ठेवलं कमळी.

कमळीने माळा पाहिलेला नाही. तिची जागा स्वयंपाकघरातला ओटा, ओट्यावरून खिडकीचा कट्टा, आणि दुपारी पडवीतली आरामखुर्ची. तिची नसबंदी धुळ्याला नेऊन केली. लसी वेळच्या वेळी झाल्या. शहाद्याहून तिच्या कोरड्या खाद्याची पुडी येते. घरात उंदीर क्वचित, आणि आला तरी तो धरण्याची तिच्यावर काही सक्ती नाही. चांदीच्या पिढीला जे स्वप्नातही मिळालं नसतं ते सगळं तिला मिळालं, आणि ते मिळावं अशीच माझी इच्छा होती.

गेल्या शिशिरात तिने खिडकीवर उडी मारणं सोडलं. आधी ओट्यावर थांबून वर बघायची, मागचे पाय जुळवायची, मान दोनदा वर-खाली करायची आणि मग विचार बदलून खाली बसायची. पाठीवरच्या केसांत गुंते व्हायला लागले, कारण तिची जीभ तिथवर पोचत नव्हती. पोट लोंबतंय असं वाटायचं, पण मांजराच्या मागच्या पायांमधे सैल कातडीची एक पिशवी निसर्गतःच असते, सडपातळ मांजरालाही असते. त्यावरून काही ठरवता येत नाही. पाठ मात्र वरून पाहिली की कळत होतं. कमरेशी जिथे आत वळायला हवं तिथे ती बाहेर फुगली होती.

शहाद्याहून मावशी आली होती. नव्वदीला टेकलेली, नजर अजून तेज. तिने कमळीला खुर्चीत पसरलेली पाहिली आणि म्हणाली, “इतली जाडी कशी व्हयनी व माय?” म्हटलं, मावशी, खाणं तर तेच आहे. त्यावर ती म्हणाली, “तिले आते काम काय शे?”

अहिराणीतलं ते एक वाक्य पुढचे कित्येक दिवस माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मावशीने नेमकं बोट ठेवलं होतं. मांजराची भूक जुनीच आहे. तिच्या आजूबाजूचं घर तेवढं नवं झालंय.

वैशाखात इथे घरोघर कैऱ्या चिरून आमचूर वाळत पडतो आणि तो विकायला काढला की काटे बाहेर येतात. ओळखीच्या घरी असाच एक इलेक्ट्रॉनिक काटा आलेला. कमळीला टोपलीत घालून, वर फडकं बांधून मी तिथे घेऊन गेले. आधी रिकामी टोपली, मग मांजरासकट टोपली. वजाबाकी केली आणि आकडा निघाला ६ किलो २०० ग्रॅम. आमचूर मोजायला आलेल्या बायका बघत होत्या. त्यांतली एक कमळीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, सुखात आहे. तिच्या बोलण्यात कुठेही टोचणी नव्हती.

डॉक्टरांकडे नेलं ते शहाद्याला. पूर्वी गुरांचा दवाखाना म्हणजे बैल, म्हैस, शेळी. मांजर तिथे नेलं असतं तर लोक बघत राहिले असते. आता समोरच्या बाकावर एक मुलगा मांजर घेऊन बसलेला होता. डॉक्टरांनी काट्याकडे नंतर पाहिलं, आधी कमळीच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली. मला म्हणाले, स्वतःच्या हाताची पाठ चाचपून बघा. तिथली हाडं जशी पातळ कातडीखाली लागतात तशा मांजराच्या बरगड्या हाताला लागायला हव्यात. कमळीच्या बरगड्या शोधाव्या लागत होत्या. शरीराचा बांधा पाहून १ ते ९ असे गुण देतात. ५ म्हणजे बेताचं, ९ म्हणजे फारच जाड. पाचाच्या वरचा प्रत्येक गुण साधारण दहा टक्के जादा वजनाचा. कमळीला आठ मिळाले. म्हणजे तिचं योग्य वजन पावणेपाच किलोच्या आसपास.

त्यांनी एक गोष्ट ठासून सांगितली. अकरा-बारा वर्षांनंतर मांजराचं वजन सहसा उतरायला लागतं. तेव्हा या वयात जाड असलेल्या मांजराला फक्त खादाड म्हणून सोडून द्यायचं नाही. रक्त तपासा, साखर बघा, मूत्रपिंड बघा. लठ्ठ मांजरांना मधुमेहाचा धोका बेताच्या मांजरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. आणि सांधे? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यांतल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. कुत्रा लंगडतो, ते दिसतं. मांजर लंगडत नाही, ते फक्त उडी मारणं बंद करतं, आणि आपण म्हणतो वय झालं. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, तिने मांजर मरतं, हेही त्यांनी बजावलं. ते इथे मुद्दाम लिहिते आहे.

कमळीच्या रक्तात काही वावगं निघालं नाही. राहिला प्रश्न ताटलीचा.

नसबंदीनंतर मांजराची उष्मांकाची गरज साधारण पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त, कमी होते. भूक मात्र कमी होत नाही, उलट वाढते. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे ते चारशे कॅलरी. कमळीच्या योग्य वजनाला दिवसाला सव्वादोनशेच्या आसपास पुरतात, आणि वजन उतरवायचं तर डॉक्टरांनी त्याहूनही खाली, १८० वर आणलं. म्हणजे दिवसभराचं कोरडं खाद्य ५० ग्रॅमच्या आत. ५० ग्रॅम किती, हे डोळ्यांनी कळत नाही. वाटीत टाकून काट्यावर ठेवलं तेव्हा ते इतकं थोडं दिसलं की माझा जीव कळवळला. पण मग दुधाचं गणित मांडलं. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात जवळजवळ १०० कॅलरी. सकाळची एक वाटी दूध म्हणजे कमळीचं अर्ध्याहून जास्त जेवण. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की ती सोडवणं मला सगळ्यात जड गेलं. आता तिच्या वाटीत पाणी असतं, आणि घरात तीन ठिकाणी असतं.

घरी येणाऱ्यांच्या सूचना चालू होत्या. कुणी म्हणालं, भाकरी-ताकावर ठेव, जुनी मांजरं त्यावरच जगायची. कुणी म्हणालं, सोमवारी उपास घाल. दोन्ही सूचना प्रेमाच्या आणि दोन्ही घातक. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांसातूनच मिळतो, त्याचं शरीर तो पुरेसा तयार करू शकत नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पॉल पियॉन या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की खाण्यात टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून निकामी होतं. तेव्हा बाजारातल्या तयार खाद्यातही ते पुरेसं नव्हतं, त्या शोधानंतर ते वाढवण्यात आलं. आमच्या चांदीला ते उंदरांतून मिळत होतं. माळ्यावरचा उंदीर वजा केला तर भाकरी-ताकाचा तो जुना आहार उरतच नाही.

उपासाचं त्याहून वाईट. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेत महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातून माणसं चालत येतात, अख्खं तोरणमाळ उपास करतं. माणसाला ते सोसतं. जाड मांजर काही दिवस, कधी दोन-तीन दिवसही, काहीच न खाता राहिलं तर अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृत तिने भरून जातं आणि मांजर दगावू शकतं. म्हणून वजन उतरवायचं ते आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हातारीच्या बाबतीत त्यातही हळूच. कमळीसाठी म्हणजे आठवड्याला ३० ते ६० ग्रॅम. एवढासाच फरक. तो आरशात दिसत नाही, काट्यावरच दिसतो. खाणं कमी करताना मांसाचा वाटा कमी करायचा नाही, नाहीतर चरबीऐवजी स्नायू झडतात आणि पाठीचा कणा वर येतो. मी तिच्या कोरड्या खाद्यातलं थोडं काढून बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी सुरू केली, अर्थात डॉक्टरांना विचारून. कांदा-लसूण लागलेलं काही नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

एक छोटा उंदीर म्हणजे साधारण ३० कॅलरी, हे वाचलं तेव्हा माळा पुन्हा डोळ्यांपुढे आला. म्हणजे चांदीला पोट भरायला दिवसाला सात-आठ उंदीर लागत असणार, आणि त्यांतल्या प्रत्येकाआधी दबा, पळापळ, हुकलेली झडप, पुन्हा दबा. तिचं जेवण दिवसभरात विखुरलेलं होतं आणि प्रत्येक घासाला कष्ट होते. माळा परत आणता येणार नाही. तेवढ्यासाठी घरात उंदीर सोडायची माझी तयारी नाही. पण घास विखुरता येतात.

पाड्यावर अजून बांबूच्या टोपल्या विणल्या जातात. एक लहान, बंद तोंडाची, विरळ विणीची टोपली मी करून घेतली. आत खाद्याचे दाणे टाकायचे आणि टोपली जमिनीवर सोडायची. पंजाने ढकलली की विणीतून एक-दोन दाणे पडतात. कमळीने पहिल्यांदा टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपलीला पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी भूक जरा लागल्यावर नाक लावलं. टोपली हलली, दाणा पडला. तिने तो खाल्ला आणि कान टवकारून टोपलीकडे टक लावून बसली. त्या बसण्यात मला चांदी दिसली. मागचे पाय अंगाखाली घेतलेले, शेपटीचं फक्त टोक हलतंय, आणि बारा वर्षांची ती म्हातारी निर्जीव टोपलीवर दबा धरून आहे. मी हातातलं काम टाकून तिथेच बसून राहिले.

आता दिवसाचं खाणं सकाळी मोजून ठेवते. त्याचे पाच वाटे. एक टोपलीत, एक पडवीच्या टोकाला, एक ओट्यावर, असे. खिडकीखाली एक पाट नि एक स्टूल पायऱ्यांसारखं लावलंय, म्हणजे दुखऱ्या सांध्यांना एकदम उडी नको. संध्याकाळी जेवणाआधी दोरीला बांधलेलं पीस ओढत घरभर फिरते, ती चार उड्या मारते आणि दमते. तेवढं पुरे. पाठ रोज विंचरून देते. रात्री तीन वाजता ती उशाशी येऊन ओरडायची, त्या वेळी उठून काही घालायचं नाही हे कठीण होतं, पण शेवटचा वाटा झोपायच्या वेळी द्यायला लागल्यापासून ते ओरडणं कमी झालं. घरचे, शेजारचे, टपरीवरचे, सगळ्यांना सांगून ठेवलंय. माया करायची तर हात फिरवा.

वैशाखातली सव्वासहा किलोंच्या जवळची कमळी दिवाळीला सव्वापाचवर आली. आता आम्ही पाचाच्या आसपास थांबणार आहोत. या वयात पुस्तकातला नेमका आकडा गाठण्यापेक्षा अंगात स्नायू राहणं महत्त्वाचं, असं डॉक्टरांचं मत आहे आणि मला ते पटतं. यापुढे वजन वेगाने उतरू लागलं तर तीही धोक्याची खूण. थायरॉईड, मूत्रपिंड, साखर, तिन्ही पुन्हा तपासायला लागतील. पाठीवरच्या गुंत्यांची जागा आता गुळगुळीत आहे. तिची जीभ तिथवर पोचते.

जुन्या दिवसांची आठवण मला सुखाची आहे, तरी ते दिवस मांजरांसाठी चांगले होते असं मी म्हणणार नाही. चांदी सडपातळ होती, चपळ होती, पण ती म्हातारी कधी झालीच नाही. एका पावसाळ्यात ती घाटाच्या बाजूला गेली आणि परत आली नाही. बिबट्या म्हणा, साप म्हणा, इथली जुनी माणसं अशी चौकशी फार करत नसत. त्या काळात आमच्या ओळखीतलं एकही मांजर बारा वर्षांचं झालेलं मी पाहिलं नाही. वर्षाला पिल्लांची दोन-तीन वेतं, त्यांतली बरीच पिल्लं थंडीत जायची. लस नव्हती, नसबंदी नव्हती, जखम झाली तर हळद. तेव्हाच्या मांजराचं वजन आटोक्यात असायचं याचं एक कारण त्याचं आयुष्यच आखूड होतं, हेही आहे. आज कमळी म्हातारी झाली हीच मोठी कमाई. तिच्या म्हातारपणाला चांदीच्या दिवसातलं फक्त एक हवं होतं, घासाआधीची ती धडपड. तेवढी आपल्याला देता येते, टोपलीभर का होईना.

तलावाकाठी, टपऱ्यांच्या मागे, देवळाच्या आवारात आजही मांजरं आहेत. त्यांतली काही माझ्या कमळीच्या रक्ताची असतील. तोरणमाळला याल तेव्हा त्यांना वेफर, बिस्किटं, कांदाभजी घालू नका. उन्हाळा असेल तर वाटीभर पाणी ठेवा. आणि तुमच्या घरात दहा-बारा वर्षांचं मांजर असेल तर या आठवड्यात त्याला काट्यावर ठेवा, बरगड्यांवरून बोटं फिरवा, आकडा लिहून ठेवा. ताटली मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, आणि एक दिवसही रिकामी ठेवू नका.